नारिंगी जॅकेट काढून ठेवा म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात भाच्याचा निरोप आला: "मामा, ते नारिंगी जॅकेट मी नाही घालणार. हे बघ, हा काय म्हणतोय." खाली एक व्हिडिओ आणि सहा मुद्द्यांचा मजकूर. भाचा परदेशात असतो आणि रीतसर परवाना काढून यंदा पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला निघालाय. दुसऱ्या शिकाऱ्यांना आपण दिसावं म्हणून तिथे ते जॅकेट घालतात. हाच मजकूर त्याच्या आधी मला तिघांनी पाठवला होता आणि तिन्ही वेळा मी तो हसून सोडून दिला होता. आता घरातल्याच पोराने तो खरा मानला म्हटल्यावर गप्प बसवेना.

मजकुरात काय आहे ते थोडक्यात सांगतो. प्राण्यांना फक्त काळं-पांढरं दिसतं, त्यामुळे कपड्यांच्या रंगाने काही फरक पडत नाही. नारिंगी रंगाने जनावर बिचकतं, म्हणून मुरलेले शिकारी जंगलात शिरले की ते जॅकेट पिशवीत टाकतात. जीन्स चालते. कॅमोवरची, म्हणजे रानात मिसळून जायला घालतात त्या कपड्यांवरची, पानाफांद्यांची नक्षी जितकी बारीक तितकी चांगली. एकच कॅमो सगळ्या सावजांना पुरतं. आणि कॅमो भारी असेल तर वाऱ्याकडे बघायची गरज नाही.

पहिले दोन मुद्दे शेजारी-शेजारी ठेवून वाचा. हरणाला रंग दिसतच नाहीत, पण नारिंगी रंग बघून ते पळतं! लिहिणाऱ्याने आपलंच लिखाण एकदा वाचलं असतं तरी चाललं असतं.

आता हरणाला खरंच काय दिसतं ते बघू. हा अंदाजाचा विषय राहिलेला नाही, मोजून झालाय. १९९४ साली संशोधक जेराल्ड जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या आणि फॅलो हरणांच्या डोळ्यांवर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकून दृष्टिपटलातून उठणारे विद्युत संकेत मोजले. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच निघाल्या. एक निळ्याला, साधारण ४५० ते ४६० नॅनोमीटरच्या (प्रकाशलहरीची लांबी मोजायचं एकक) आसपास, सर्वांत जास्त दाद देते. दुसरी हिरव्याला, ५३७च्या आसपास. तांबड्यासाठी वेगळी पेशी नाही. म्हणजे हरीण रंगांधळं आहे, पण लाल-हिरव्यात गफलत होणाऱ्या माणसासारखं. काळं-पांढरं बघणारं नव्हे. निळा त्याला स्वच्छ दिसतो. शिकाऱ्याचा चमकता नारिंगी ६००च्या आसपास येतो आणि तिथे त्याची नजर मंदावलेली असते. आपल्याला भडक वाटणारं ते जॅकेट हिरवळीपासून वेगळं काढणं त्याला जड जातं.

पटत नसेल तर वाघाकडे बघा. हिरव्या रानात नारिंगी अंगाचं जनावर दबा धरून बसतं आणि उपाशी मरत नाही, ते कसं? सस्तन प्राण्यांना केसांत हिरवा रंग तयार करता येत नाही, पण वाघाचं त्यावाचून अडत नाही. २०१९ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी दोनच रंगपेशींच्या नजरेतून हे तपासलं, तेव्हा त्या नजरेला वाघ आजूबाजूच्या झाडीत मिसळून गेलेला निघाला. हरणाची नजर तशीच दोन पेशींची. वाघाला जे चालतं ते या व्हिडिओवाल्याला का चालू नये, कोण जाणे.

आता ज्या मुद्द्यासाठी लिहायला बसलो तो. "मुरलेले शिकारी जॅकेट पिशवीत टाकतात." हे चूक आहे एवढं म्हणून भागणार नाही, याने माणूस मरेल. जंगलात तुमच्याकडे बघणारे डोळे दोन जातीचे असतात, हरणाचे आणि दुसऱ्या शिकाऱ्याचे. पहिल्यांपासून लपायचं, दुसऱ्यांना दिसायचं. हरणाचा डोळा जिथे कमी पडतो आणि माणसाचा पडत नाही, नेमका त्या फटीतला रंग म्हणजे नारिंगी. त्यातही चमकता नारिंगी साध्या रंगासारखा वागत नाही. डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश आणि निळसर प्रकाश शोषून तो नारिंगी करून बाहेर टाकतो, म्हणून ढगाळ हवेत आणि तिन्हीसांजेला आतून दिवा लावल्यासारखा दिसतो. माणूस ओळखण्यात चूक व्हायची शक्यता जास्त असते ती त्याच वेळी. पहाटेपासून हरणाची वाट बघत बसलेल्या माणसाला झुडूप हललं की हरीणच दिसतं, नसलेली शिंगंसुद्धा दिसतात. त्या झुडपात तुम्ही उत्तम कॅमो घालून बसला असाल तर त्याची चूक सुधारायला काहीच उरत नाही. न्यूयॉर्क राज्याचा पर्यावरण विभाग स्वतःच्या अनुभवावरून सांगतो की नारिंगी घातलेल्या शिकाऱ्याला गोळी लागण्याची शक्यता सात पटींनी कमी असते. बऱ्याच ठिकाणी बंदुकीच्या हंगामात नारिंगी घालणं कायद्यानेच सक्तीचं आहे. मग हे "मुरलेले" शिकारी नक्की कशात मुरलेत?

एक कबूल करतो, मनाविरुद्ध. छाती-पाठ झाकणारा नारिंगीचा सलग, सपाट तुकडा हरणाला नारिंगी दिसला नाही तरी एक उजळ ठोकळा म्हणून दिसू शकतो, विशेषतः तुम्ही हललात तर. पण त्यावर उपाय झाडाला पाठ लावून स्थिर बसणं हा आहे, जॅकेट उतरवणं हा नाही.

जीन्सचा मुद्दा ऐकून मला हसावं की रडावं कळेना. हरणाला सर्वांत चांगला दिसणारा रंग निळा आणि हा म्हणतो जीन्स चालते. यात अजून एक मेख आहे, ती मी डोळ्यांनी पाहिली. मी शिकारी नाही, कॅमेरा घेऊन लपणात बसणारा माणूस. पण लपायचं गणित तेच. माझ्याकडे एकाच कापडाचे दोन कॅमो शर्ट होते, एक चार पावसाळे धुतलेला आणि एक कोरा. खोलीत अंधार करून दोन्हींवर नोटा तपासायचा जांभळा, अतिनील दिवा धरला. कोरा शर्ट अंधारात गडप झाला. धुतलेला निळसर पांढरा उजळला, कॉलरच्या शिवणीपाशी तर भूत उभं राहिल्यासारखा. धुण्याच्या बऱ्याच पावडरींत कपडे पांढरेशुभ्र भासावेत म्हणून घातलेली रसायनं असतात, ती अतिनील प्रकाश घेतात आणि निळा टाकतात. आपल्या डोळ्याचं भिंग अतिनील अडवतं, हरणाचं तितकं अडवत नाही. म्हणजे भारी कॅमो घ्यायचं, चमकदार पावडरीत भिजत घालायचं आणि मग नारिंगीला नावं ठेवायची! त्याच दिव्याखाली नारिंगी टोपी धरली तर ती नारिंगीच उजळली.

बारीक नक्षीबद्दल फार लिहीत नाही. दुकानात हातात धरून बघितली की एकेक पान खरं वाटतं. तोच शर्ट तीस-चाळीस पावलांवर फांदीला टांगा आणि डोळे किलकिले करा. सगळी पानं एकमेकांत विरघळतात आणि माणसाच्या आकाराचा एक गडद गोळा उरतो. हरणाची नजर आपल्याइतकी तीक्ष्ण नसते, त्यामुळे त्याच्यासाठी हा गोळा अजून लवकर होतो. कामाला येतात ते मोठे, फिके-गडद ठिपके, खांद्याची आणि कमरेची रेघ तोडणारे. वाघाच्या पट्ट्यांचंही तेच काम. तरीही सगळ्यात आधी पकडली जाते ती हालचाल. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि जवळजवळ ३०० अंशांचं त्याला दिसतं. नाकावरचा डास हाकलायला हात वर गेला की नक्षी कोणतीही असो, माना वर होतात. माझ्यासमोर झाल्यात, कितीदा ते सांगत नाही.

"एकच कॅमो सगळ्या सावजांना" हे तर साफ खोटं. पक्ष्यांचा हिशोबच निराळा. त्यांच्या डोळ्यात चार प्रकारच्या रंगपेशी असतात, नारिंगी त्यांना लख्ख दिसतो. म्हणून बदकं आणि रानटी टर्की यांच्यासाठी चेहऱ्या-हातांसकट झाकणारं कॅमो लागतं, इथे व्हिडिओवाल्याच्या मजकुरात अर्धं सत्य सापडतं. तरी टर्कीच्या हंगामात लाल, पांढरा, निळा अंगावर नको, अगदी रुमालसुद्धा. नराच्या डोक्या-मानेचे रंग तेच आहेत आणि समोरचा बंदूकवाला तेच शोधत असतो. बसलेले असताना कॅमो, चालायला लागलात की नारिंगी, असं तिथले जाणते सांगतात.

वाऱ्याबद्दल काय बोलणार. हरणाला नाक आहे.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं, जॅकेट घालतो. पण टोपी तरी कॅमोची चालेल ना?"

नाही. तू झुडपामागे बसलास की दुसऱ्याला तुझी टोपीच आधी दिसणार आहे.