पाचपट मिशी

पन्नाशीनंतर दाढी अंदाजपंचेच करावी लागते. चष्मा घातला तर कानशिलाशी ब्लेड पोचत नाही, काढला तर कानशीलच सापडत नाही. म्हणून गणपत गल्लीतून दुतोंडी गोल आरसा आणला. एकीकडे साधा, दुसरीकडे पाचपट दाखवणारा. दुकानदार तो गरकन फिरवत म्हणाला, "एरडू कडे कन्नडी!" कन्नडी म्हणजे आरसा, दोन्हीकडे आरसा, एवढंच त्याचं म्हणणं. पण बेळगावच्या भर बाजारात हे वाक्य मोठ्यानं म्हणायचं नसतं. मागची दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी पैसे देऊन सटकलो.

सकाळी पाचपट बाजूत गाल बघितला. संकेश्वरकडं तोडणी झालेलं उसाचं रान! आणखी नीट दिसावं म्हणून पुढं सरकलो, तर रान लहान झालं. मागं आलो तसं फुगत गेलं, मग नुसता धूर, आणि हातभर लांब गेल्यावर मीच उलटा. कपाळ खाली, हनुवटी वर.

दहावीतल्या लेकीनं आरसा खिडकीसमोर धरून समोरच्या गॅलरीचं चित्र वहीच्या पानावर पाडलं. मशेरी लावणाऱ्या शेजारच्या काकू, वटवाघळासारख्या लोंबकळत. पट्टी लावून म्हणाली, "नाभीय अंतर 24 सेंटिमीटर. पप्पा, तुम्ही 12 वर गेलासा तर दुप्पटच दिसणार. पाचपट पाहिजे तर 19 वर थांबा."

एक वीत अंतरावर थांबलो. इथंच घात झाला. पाचपट आरशात सगळा चेहरा मावत नाही. डावी मिशी दिसते तेव्हा उजवी हद्दीबाहेर. डावीकडं दोन मिलिमीटर जास्त वाटले. पाचपटीत ते चांगले एक सेंटिमीटर! काढले. उजवीकडं गेलो, ती आता लांब. तीही काढली. परत डावीकडं. लोण्याचा गोळा वाटणाऱ्या माकडाला निदान लोणी तरी खायला मिळालं. साधी बाजू फिरवली तेव्हा नाकाखाली दोन काळ्या मुंग्या समोरासमोर उभ्या होत्या.

आणि अकराला भाचीचं लग्न, टिळकवाडीत.

बायकोनं बघितलं. बोलली काही नाही, पदर तोंडाला लावून मागं बसली. दुसरं रेल्वे गेट बंद. स्कूटरच्या आरशात वाकून बघितलं. तो बहिर्वक्र, त्यात काहीही कितीही जवळ आणा, सुलटंच आणि लहानच दिसणार. मुंग्या दिसतच नव्हत्या. तेवढाच जीव भांड्यात पडला. मागं इवलासा टेम्पोही दिसला, लांब कुठंतरी.

त्याचा हॉर्न थेट कानात वाजला. गेट उघडून बराच वेळ झाला होता.

"ओ, मिशी येईल की परत," बायको म्हणाली, "गाडी घ्या पुढं!"