राउटर पहिल्याच दिवशी उसळला, बिट सरकलं : ग्राहकाच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक तारा दिलात, त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. नवा ट्रिमर राउटर, म्हणजे लाकडाच्या कडा घडवायचं हातातलं छोटं मशीन, पहिल्याच दिवशी हातातून उसळला, बिट (त्यात बसवायचं फिरतं पातं) चालता चालता खाली सरकलं, आईंच्या देव्हाऱ्यासाठी टिंबर मार्केटमधून आणलेल्या सागवानी फळीची कड खराब झाली. मशीन घेऊन दुकानात आलात तर ते ठेवून घेतलं, पण ‘तुम्हाला चालवता येत नाही’ असं ऐकवलं. मशीन डिफेक्टिव्ह आहे, बदलून द्या, असं तुमचं म्हणणं.

आधी त्या वाक्याबद्दल माफी मागतो. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा राउटर घेतलाय त्याला तो चालवता येणार नाहीच. दाखवणं आमचं काम होतं. शनिवारी संध्याकाळी गर्दी होती म्हणून आम्ही नुसता खोका हातात दिला.

मशीन मी स्वतः उघडून पाहिलं. बिटाच्या दांड्यावर काळे, चकचकीत ओरखडे होते, म्हणजे ते आत फिरत होतं. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावला तर दांडा ६ मिलिमीटरचा. मशीनचा कॉलेट, म्हणजे बिटाचा दांडा धरणारी पकड, पाव इंची, म्हणजे ६.३५. बिटांचा सेट आमच्याच दुकानातल्या मुलाने दिला होता. ही चूक सरळसरळ आमची.

ड्रिलच्या चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या तोंडात, तीन जबडे असतात, त्यामुळे लहानमोठं कुठलंही बिट त्यात बसतं. कॉलेटचं तसं नाही, तो एकाच मापासाठी कापलेला असतो. ०.३५ मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. नट आवळला की बिट घट्ट बसल्यासारखंही वाटतं. पण पकड दांड्याला सगळीकडून बसत नाही. मिनिटाला ३०,००० फेरे म्हणजे सेकंदाला ५००. लाकडाचा जोर आला की असं बिट सुटायला लागतं आणि काप आपोआप खोल जातो. तुमच्या बाबतीत ते पूर्ण बाहेर आलं नाही, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. बाजारात ६ आणि ६.३५ दोन्ही शेजारी शेजारी विकले जातात, म्हणून वाचणाऱ्या सगळ्यांना सांगतो, दांड्याचं माप बघितल्याशिवाय बिट घेऊ नका. आणि योग्य मापाचं बिटसुद्धा तळाला टेकेपर्यंत घालून, मग २-३ मिलिमीटर वर ओढून आवळा. तळाला टेकलेलं बिट नीट आवळलं जात नाही. हे सगळं करताना प्लग काढलेला असला पाहिजे.

उसळण्याचं कारण मात्र वेगळं आहे. तुमच्या फोटोत फळीच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर खाचा दिसतात आणि कोपऱ्यावर काळा डाग. मशीन उजवीकडून डावीकडे नेलं असावं. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या दिशेने फिरतं. फळीची कड तुमच्याकडे असेल तर डावीकडून उजवीकडेच न्यायचं, म्हणजे बिट लाकडाशी झुंजतं आणि मशीन हातात राहतं. उलट नेलं की बिट चाकासारखं कडेवर धावत सुटतं. आतून कापलेल्या चौकटीत दिशा उलटी होते, इथे जुने मिस्त्रीही क्षणभर थांबून विचार करतात. काळा डाग हात थांबल्यामुळे पडतो, सागवान लगेच करपतं. शिवाय कडेची गोलाई एका फेरीत काढायला गेलात. एवढ्या छोट्या मशीनने ती ३-३ मिलिमीटर खाली जात काढायची. आधी फळीची दोन टोकं, मग लांब बाजू, म्हणजे टोकाला उडालेले तुकडे नंतरच्या फेरीत निघून जातात.

योग्य बिट लावून मी तोच राउटर सागाच्या तुकड्यावर चार फूट चालवला. कड साफ आली, आवाज एकसारखा. म्हणून मशीन बदलून देणार नाही. ते चांगलं आहे, आणि दुसरा पीस दिला तरी त्या बिटांनी हेच झालं असतं. बिटांचा सेट मात्र परत घेतो, पाव इंची सेट विनामूल्य देतो. फळीचे पैसेही आमच्याकडे लागले. तुम्ही हातमोज्यांबद्दल विचारलं होतंत: फिरत्या बिटाजवळ मोजे घालू नका, कापड ओढलं जातं. चष्मा आणि मास्क मात्र हवाच.

कुठल्याही दिवशी सकाळी ११ च्या आत या, तेव्हा गर्दी नसते. अर्धा तास मी स्वतः तुमच्यासोबत उभा राहीन, भंगार तुकड्यांवर तुमच्याच हाताने चालवून घेईन. येताना ती फळी आणा आणि देव्हाऱ्याची रुंदी मोजून आणा. खाचा फोटोत २ मिलिमीटरच्या आसपास वाटतात. ४ मिलिमीटर कमी करून चालणार असेल, तर सर्क्युलर सॉने (गोल पात्याच्या करवतीने) कड सरळ कापून देतो आणि त्याच फळीवर नवी गोलाई काढू.