छातीवरचं वाक्य

मंगळवारी सकाळी मी जिममध्ये बेंच प्रेसला, म्हणजे पाठीवर झोपून वजनाचा रॉड वर ढकलायला, आडवी होते. तिसरा सेट. दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोच्या प्लेट्स होत्या आणि आठव्यांदा रॉड ढकलताना हात थरथरायला लागले. शेजारी डंबेल मारणाऱ्या मुलानं विचारलं, "काकू, सपोर्ट देऊ का?" मी मान हलवली. तो डोक्यामागे येऊन उभा राहिला, त्यानं रॉडखाली बोटं धरली, आणि त्याचा टी-शर्ट माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आला. आडवं पडून वाचताना अक्षरं उलटी दिसत होती, पण मोठी होती. इंग्रजीत तीन ओळी. बाईचा नकार म्हणजे पुढच्या सेटआधीची विश्रांती, अशा अर्थाचं काहीतरी. मूळ वाक्य इथे लिहीत नाही, कारण ते आणखी कुणासमोर नाचवायची माझी इच्छा नाही.

माझ्या छातीवर रॉड, वर ते वाक्य, आणि ज्यानं ते घातलंय त्याच्याच हातात माझी सुरक्षितता. हे लिहायला मला चार दिवस लागले, कारण त्या क्षणी जे वाटलं ते 'राग' या शब्दात बसत नव्हतं. मला उठून निघून जाता येत नव्हतं, मुद्दा तो होता.

आधी जिमबद्दल सांगते. ठाण्यातली आहे, घरापासून चालत सात मिनिटं. दारावर मोठी पाटी आहे, 'फॅमिली जिम'. नवरा-बायको मिळून फी भरली तर सवलत, सीनियर सिटिझनना वेगळा दर, दहावी-बारावीच्या मुलांना सुट्टीतलं पॅकेज. सकाळी साडेसहाच्या बॅचला गुडघ्यांसाठी येणारे सत्तरीतले काका असतात, बाळंतपणानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडलेली एक मुलगी असते, सकाळची शाळा नसेल तेव्हा बापाबरोबर येणारा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा असतो. मी दीड वर्षापूर्वी गेले. पाळी थांबली, डॉक्टरांनी हाडांची तपासणी करायला लावली आणि म्हणाल्या, नुसतं चालणं पुरणार नाही, वजन उचला. सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा डंबेल हातात धरलं. आज मी माझ्या आईला उचलून खुर्चीवरून पलंगावर ठेवू शकते. त्या जागेचं माझ्यावर ऋण आहे आणि म्हणूनच हे सगळं लिहितेय.

'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली एक अभ्यास छापून आला होता. त्यातल्या २०२२ च्या आकड्यांनुसार भारतातल्या ५७ टक्के बायकांची शरीराला लागेल इतकीही हालचाल होत नाही. पुरुषांचा आकडा ४२ टक्के. हा पंधरा टक्क्यांचा फरक आळसाचा नाही. वेळ कुणाला मिळतो, पैसे कुणावर खर्च होतात, आणि घाम गाळायला कुठली जागा आपली वाटते, याचा तो फरक आहे. जिमच्या दारापर्यंत आलेली बाई किती गोष्टी ओलांडून आलेली असते, हे मला माहीत आहे. मी स्वतः तीन वेळा त्या दारावरून परत गेले होते.

तर तो टी-शर्ट. पहिलाच होता असं नाही. गेल्या वर्षभरात मी पाहिलेत ते असे: आईवरून दिलेली हिंदी शिवी, मधली दोन अक्षरं फुल्या मारून, म्हणजे वाचता यावी पण छापली असं म्हणता येऊ नये. वजन जास्त असलेल्या माणसांची जनावराशी तुलना करणारा. 'रडायचं असेल तर बायकांकडे जा' अशा अर्थाचा. एक तर नुसत्या चित्राचा होता, वर्णन करणार नाही. घालणारे सगळे वाईट लोक नाहीत. मला सपोर्ट देणारा मुलगा तर चांगलाच आहे. सत्तरीतल्या काकांच्या मशीनची पिन तोच लावून देतो. सेट झाल्यावर मी उठून बसले, पाणी प्यायले आणि त्याला म्हटलं, "तुझे आभार. पण तुझ्या छातीवर काय लिहिलंय ते मला मोठ्यानं वाचून दाखवशील?"

त्यानं मान खाली घालून बघितलं. वाचलं नाही. म्हणाला, "काकू, तो जोक आहे. ऑनलाइन तीनच्या सेटमध्ये आला."

मी म्हटलं, "मग वाच की."

तो लाल झाला. मला त्याची मजा वाटली नाही, वाईट वाटलं. जे आपण तोंडानं समोरच्याला म्हणू शकत नाही, ते दीड तास छातीवर मिरवायला काही वाटत नाही, हे त्याला आयुष्यात कुणी दाखवलंच नव्हतं. तोंडातून शब्द काढायला माणूस लागतो, वेळ लागते, समोर कोण आहे ते बघावं लागतं. कापडावरचं वाक्य कुणाकडेही न बघता सगळ्यांना एकाच आवाजात ऐकवलं जातं: काकांना, त्या पोराला, बाळंतिणीला, मला.

मला शिव्यांचं वावडं आहे असं कुणी समजू नये. माझं माहेर कोल्हापूरचं. आमच्या गल्लीत तालीम होती आणि वस्ताद पोरांना ज्या शिव्या घालायचे त्या ऐकत मी मोठी झाले. 'भाड्या' हा शब्द आमच्याकडे मायेनंही वापरतात. शिमग्याला तर बोंब ठोकून शिव्या द्यायची रीतच आहे. पण त्यात एक शहाणपण आहे, लोकांच्या लक्षात येत नाही एवढंच. शिवीला आपण दिवस नेमून दिला, जागा नेमून दिली, होळीभोवती नेमून दिली. दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्याच शेजाऱ्याच्या दारात जाऊन पोळी खातो. वस्तादांची शिवीही आखाड्यातल्या पोराला होती, बाहेरून जाणाऱ्या बाईला नव्हती. तालमीत शिरताना पोरं चपला बाहेर काढायची, मारुतीच्या पाया पडायची, मग मातीत उतरायची. त्या तालमीचे गोडवे मी गाणार नाही, कारण मला तिच्या उंबऱ्याच्या आत कधी पाय टाकता आला नाही. मुलींना मज्जावच होता. पण जागेचा मान राखायचा असतो, ही गोष्ट मी उंबऱ्याबाहेर उभी राहून शिकले.

आणि सगळ्यांसाठी असलेल्या व्यायामशाळा आपल्याकडे नव्यानं आलेल्या नाहीत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं आहे, दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासूनचं. शिवाजी पार्कला दोरीच्या मल्लखांबावर चढलेल्या चिमुरड्या मुली ज्यांनी पाहिल्यात, त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. त्या मुली उलट्या लटकतात तेव्हा त्यांचं सगळं लक्ष दोरीवर असतं. आजूबाजूच्यांवर विश्वास असल्याशिवाय असं लटकता येत नाही.

मी मालकांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, फी भरतात लोक. कपड्यांवर मी काय बोलणार?"

इथे मात्र मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. कारण कपड्यांवर ते बोलतात. भिंतीवर बोर्ड आहे: वेगळे शूज सक्तीचे, टॉवेल सक्तीचा, चप्पल घालून वर्कआउट करू नये. आणि बोर्डावर नसलेलंही बोलतात. मार्चमध्ये एक कॉलेजची मुलगी स्पोर्ट्स ब्रा आणि टाइट्स घालून आली होती. पोटाची चार बोटं दिसत होती. काउंटरवरून तिला सांगण्यात आलं, "फॅमिली जिम आहे, वरून टी-शर्ट घाल." तिनं घातला. पुढच्या महिन्यात ती यायची बंद झाली. म्हणजे मुलीचं पोट दिसलं तर फॅमिली आठवते, पुरुषाच्या छातीवर आईवरची शिवी असली तर फॅमिली आठवत नाही. त्या दिवशी मी ट्रेडमिलवर होते, मी ऐकलं आणि गप्प बसले. ते गप्प बसणं चुकलं होतं. ती मुलगी हे वाचत असेल तर, बाळा, मी तेव्हा उतरून यायला हवं होतं.

काउंटरवर आमचं बोलणं चाललेलं असताना एक वकिलीचा विद्यार्थी म्हणाला, "काकू, फ्रीडम ऑफ एक्स्प्रेशन आहे. नाही आवडत तर बघू नका." मुद्दा बिनमहत्त्वाचा नाही, म्हणून घरी येऊन भावाला फोन लावला, तो वकिली करतो. त्यानं अमेरिकेतला एक खटला सांगितला. १९६८ साली पॉल कोहेन नावाचा १९ वर्षांचा मुलगा लॉस एंजेलिसच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एक जॅकेट घालून फिरत होता. व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांची सक्तीची भरती चालू होती, त्या भरतीला त्या जॅकेटवर उघड शिवी घातलेली होती. बायका-मुलं हजर होती. त्याला ३० दिवसांची कैद झाली. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी ती शिक्षा रद्द केली. कोर्टाचं म्हणणं असं, की ही शिवी कुणा एका माणसाला उद्देशून नाही, तिच्यामागे राजकीय मत आहे, आणि ज्यांना खटकतं त्यांना नजर दुसरीकडे वळवता येते. मला हा निकाल पटतो. सरकार तरुणांना युद्धावर धाडत असेल तर पोरानं शिवी घालावी, आणि त्यासाठी तुरुंगात जायला लागू नये.

पण भावानं पुढे जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. कोहेन व्हरांड्यातून प्रत्यक्ष कोर्टरूममध्ये गेला तेव्हा त्यानं जॅकेट काढलं, घडी करून हातावर घेतलं आणि तसा उभा राहिला. पोलिसानं न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवली, याच्यावर बेअदबीची कारवाई करा म्हणून. त्यांनी नकार दिला. तो बाहेर आल्यावर अटक झाली. म्हणजे ज्याच्या नावानं आज हे स्वातंत्र्य सांगितलं जातं, त्या पोरालाही कळत होतं की व्हरांडा वेगळा आणि आतली खोली वेगळी.

आणि जिममध्ये नजर वळवायची कुठे? चारही भिंतींना आरसे आहेत. माझ्या मागे उभ्या असलेल्याची छाती मला समोर दिसते, शेजारच्याची पाठ तिरकी दिसते. स्क्वॉट करताना मान वाकडी केली तर मणक्याला मार बसतो. पुढे बघ, पुढेच बघ, असं ट्रेनर सर ओरडून सांगतात. पुढे टी-शर्ट.

पोलीस, तक्रार, कायदा असलं काही मला नकोय. आपल्या सुप्रीम कोर्टानंही मार्च २०२४ मध्ये एका वेब सिरीजच्या खटल्यात सांगितलंय की शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता ठरत नाही. बरोबरच आहे. ज्याला बघायचंय तो मोबाइलवर बघेल. आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारं संविधानाचं कलम १९ मुख्यतः नागरिकाला सरकारपासून वाचवतं. खासगी जिमनं 'हे इथे घालू नका' म्हणायला ते सहसा आडवं येत नाही, जसं 'चप्पल घालू नका' म्हणायलाही येत नाही.

एक भीती मात्र मला आहे. 'आक्षेपार्ह मजकूर चालणार नाही' एवढंच बोर्डावर लिहिलं, तर उद्या कुणी 'जय भीम' लिहिलेल्या टी-शर्टवर बोट ठेवेल. कुणाच्या टी-शर्टवर उर्दू अक्षरं असतील तर त्याला बाजूला घेतील. चे गेवाराचं चित्र, शेतकरी आंदोलनाची घोषणा, कुठल्या पक्षाला टोमणा, यातलं काहीही कुणाला ना कुणाला खुपतंच. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' लिहिलेला टी-शर्ट घालून एक दादा संध्याकाळच्या बॅचला डेडलिफ्ट मारतात, आणि ते बघून मला बळ येतं. तो टी-शर्ट काढायला लावणारा नियम येणार असेल तर मला नियमच नको. म्हणून शब्द नेमके हवेत. मालकांना द्यायच्या पत्रात मी लिहिलेला मजकूर असा: 'शिवी, लैंगिक शेरा किंवा चित्र, आणि कुणाच्याही शरीरावरून, स्त्री-पुरुष असण्यावरून, जातीवरून किंवा धर्मावरून अपमान करणारा मजकूर असलेले कपडे घालून व्यायाम करू नये. राजकीय, सामाजिक, धार्मिक विचारांच्या कपड्यांना हा नियम लागू नाही. असा कपडा घालून आल्यास काउंटरवरून साधा टी-शर्ट दिला जाईल.' शेवटचं वाक्य आमच्या ट्रेनर सरांनी दिलं, ते त्यांच्या बायकोनं सुचवलं असं ते म्हणाले, आणि मला ते फार आवडलं. कुणाला परत पाठवायचं नाही. चार साधे टी-शर्ट धुऊन ठेवायचे, बस्स.

जाडेपणावरच्या टी-शर्टचा मुद्दा मी त्यात मुद्दाम घातला. काहींना तो किरकोळ वाटला. पण मी आमच्या बॅचला आलेली एक ताई पाहिलीय, शंभर किलोच्या पुढे वजन, पहिला दिवस, ओढणी दोन्ही बाजूंनी ओढून धरलेली. तिच्या पुढच्या सायकलवर तो जनावराशी तुलना करणारा टी-शर्ट होता. वीस मिनिटं ती त्या पाठीकडे बघत पेडल मारत होती. घालणारा कानात गाणी लावून बसला होता, त्याला काहीच कळलं नाही. ती उतरली, बाटली उचलली, गेली. डॉक्टरनं तिला महिनोन् महिने समजावलं असेल, नवऱ्याशी वाद घालून तिनं फी भरली असेल, आणि एका पाठीनं ते सगळं वीस मिनिटांत धुऊन टाकलं. शिवीपेक्षा मला हे जास्त क्रूर वाटतं.

पत्रावर आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात. सत्तरीतल्या काकांनी सर्वात आधी केली. मला सपोर्ट देणाऱ्या मुलाकडे मी कागद नेला नाही, त्याला कोंडीत पकडल्यासारखं झालं असतं. तो स्वतः आला, म्हणाला, "काकू, पेन आहे का?" मालकांनी पत्र ठेवून घेतलंय, 'बघतो' म्हणालेत. माझी फी पाच तारखेला संपते आणि त्याआधी उत्तर हवं असं मी त्यांना सांगून ठेवलंय.

तुमच्या जिममध्ये, सोसायटीच्या व्यायामशाळेत असा काही नियम लावलेला असेल तर कृपा करून त्या बोर्डाचा फोटो काढून पाठवा, मराठीत असेल तर आणखीच बरं. आणि नियम लावल्यावर काय झालं, लोक भांडले का, कुणी जिम सोडली का, तेही लिहा. सोमवारी मला मालकांना दाखवायचंय.