ते नको कापू!

ग्रीटिंग कार्डांचा डबा करायला काय लागतं, तर जुनी कार्डं, कात्री, दाभण, लोकर आणि घरात कोणीही नसणं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची नं नेमकी तीच आमच्याकडे कधी मिळत नाही.

वन्संच्या लग्नाला २५ वर्षं होऊन राहिली होती. चांदीचं काही दिलं तर त्या आधी वजन विचारतात, म्हणून म्हटलं या वेळी हातचं काहीतरी देऊ. दिवाण उघडला, गाद्यांच्या खालून साडीचं खोकं काढलं, त्यात जुनी ग्रीटिंगं. इतकी वर्षं त्या खोक्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, पण कात्रीचा आवाज झाला नं सगळं घर गोळा.

"अगं हे नको कापू, अमरावतीच्या काकांचं आहे," आई, म्हणजे सासूबाई.

"पण काका तर गेले नं आता."

"म्हणूनच तर!"

ठेवलं बाजूला. यांना त्यांच्या पहिल्या साहेबांचं कार्ड हवं होतं, ज्या साहेबांना हे अजूनही जेवताना शिव्या घालतात. मुलीने एक टेडीबेअरवालं कार्ड उचललं आणि कोणाचं ते न सांगता सरळ खोलीत घेऊन गेली, त्याचं टेन्शन वेगळंच.

मग देव निघाले. दिवाळीचं कार्ड म्हणजे गणपती नाहीतर लक्ष्मी, आणि देवाला कात्री लावणार कोण? बरं अख्खा गणपती झाकणावर घेते म्हटलं तर आई म्हणे, उद्या कोणी तो डबा जमिनीवर ठेवला तर? तळाला लक्ष्मी तर नाहीच नाही. समई चालते का यावर बरीच चर्चा झाली, चालते असं ठरलं, पण ज्योत कापायची नाही.

एवढं सगळं वगळून माझ्या वाट्याला काय आलं, तर सिमेंटवाल्याचं नववर्षाभिनंदन, एलआयसी एजंटने दर वाढदिवसाला न चुकता पाठवलेली गुलाबं, आणि आईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी आलेलं जाडजूड सोनेरी 'गेट वेल सून'. ते ऑपरेशन आईंना आठवायचंच नव्हतं, त्यामुळे ते बिनधास्त काप म्हणाल्या.

डबा षटकोनी करायचा. ते सोपं आहे, कंपासमध्ये वर्तुळाची जेवढी त्रिज्या तेवढंच अंतर परिघावर टाकत गेलं की सहाव्यांदा बरोब्बर पहिल्या खुणेवर येतो. दोन-दोन कार्डं पाठीला पाठ लावून चिकटवायची, कडेने दाभणाने भोकं पाडायची आणि काजटाका घालत जायचं. झाकण तळापेक्षा दोन सूत मोठंच घ्यायचं, कारण टाक्यांनी कडा फुगतात.

टाक्यांसाठी लोकर हवी म्हणून मी भर मे महिन्यात नागपूरच्या बाजारात, बर्डीवर गेले, पारा पंचेचाळीसला, तोंडाला दुपट्टा. दुकानदाराने आधी मला बसायला स्टूल दिला, मग पाणी, मग म्हणाला, "मॅडम, अभी ऊन? दिवाली के बाद आओ नं." शेवटी क्रोशाचा दोरा घेऊन आले, तोही पोपटीच मिळाला.

इकडे घरी कूलर. चालू ठेवला की कार्डं उडून देवघरापर्यंत जातात, बंद केला की घाम टपकून फेविकॉल पातळ, आणि कूलर बंद केला की आई अशा कण्हायच्या की मीच त्यांच्या जिवावर उठले. मग प्रत्येक कार्डावर एकेक वाटी नं मधोमध खलबत्ता ठेवून काम केलं. त्यात त्या जुन्या कार्डांची चमकी. ती वरणात निघाली, उशीवर निघाली, हे तर मिशीत घेऊन ऑफिसला गेले नं दिवसभर त्यांना कोणी काही बोललं नाही म्हणे.

हे मदत म्हणून सोफ्यावरून मोबाइल वाचून दाखवत होते. पहिलं छापील ख्रिसमस कार्ड १८४३ साली लंडनला हेन्री कोलने करवून घेतलं, कारण एवढ्या लोकांना पत्रं लिहायला त्याला वेळच नव्हता. आणि १९९२ च्या डिसेंबरमध्ये जगातला पहिला एसएमएस गेला, तो पण 'मेरी ख्रिसमस'च! म्हणजे कार्डांचा धंदा बुडवणाऱ्याने सुरुवातच शुभेच्छा देऊन केली. मी म्हटलं, ती दाभण द्या इकडे. तर म्हणे, कुठे आहे? त्यांच्याच मांडीखाली होती.

झाकणाला लावण्याइतकं कडक कार्ड एकच उरलं होतं, तेच सोनेरी. अक्षरं उठावाची, वर गुलाब, आणि वन्सं चष्मा पर्समध्ये ठेवतात हे मला माहीत होतं. बिनधास्त लावलं.

पण नंदोईंना चष्मा लागत नाही. भर हॉलमध्ये त्यांनी झाकण मोठ्याने वाचलं, "गेट वेल सून," आणि म्हणाले, "वहिनी, पंचवीस वर्षं झाली, आता काय वेल होऊन राहिलं!"

सगळा हॉल हसला. वन्संनी डबा त्यांच्या हातातून काढून घेतला, आत डोकावून पाहिलं नं म्हणाल्या, "तुमच्या बीपीच्या गोळ्या राहतील यात."