डावी की उजवी?

काल दुपारच्या मीटिंगला पॅटिस आले होते. कॅम्पातल्या बेकरीतले, गरम, खालचा कागद तेलकट झालेला. मोजून सात. हे मला पक्कं माहीत आहे, कारण ऑर्डर मीच दिली होती. सहा माणसं केबिनच्या आत होती आणि सातवा, म्हणजे मी, बाहेर.

बाहेर म्हणजे काचेच्या अलीकडे, माझ्याच खुर्चीवर, लॅपटॉपवर तीच मीटिंग लावून. मला सर्दी झालीये. मॅडमचा मेसेज आला होता, "तू डेस्कवरूनच जॉइन कर हं." त्यामुळे दहा फुटांवर बसलेली माणसं मी स्क्रीनवर बघत होतो आणि मान वर केली की तीच माणसं काचेतून दिसत होती, आवाजाच्या जरा पुढे. हसणं आधी दिसायचं, जोक मागून ऐकू यायचा. कोणीतरी "तुझं ठेवलंय" अशी खूण केली. मीही अंगठा वर केला. मीटिंग संपल्यावर ट्रेमध्ये सॉसची फाडलेली पाकिटं होती आणि चुरा. सातवा कोणी खाल्ला याची मला दाट शंका आहे, पण पुरावा नाही. शर्टावर चुरा तिघांच्या होता.

"एवढी सर्दी आहे तर आलास कशाला?" हे कालपासून मला प्रत्येकानं विचारून झालंय. विचारणाऱ्यांत मॅडमही होत्या, आणि परवा रात्री "उद्या सुट्टी नको रे, वीस तारीख तोंडावर आहे" असं लिहिणाऱ्याही मॅडमच होत्या. वीस तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं असतं. उशीर झाला तर सरकार दिवसाला ५० रुपये लेट फी लावतं आणि भरायच्या राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. त्या धास्तीनं अख्खं अकाउंट्स गोळा होतं. माझा एक दिवसाचा पगार कापला तर तो ५० रुपयांत भागत नाही, पण ती धास्ती फक्त मलाच.

रजा शिल्लक नाही, कारण गौरी-गणपती झाले. गौरी आणायला एक, जेवायला एक आणि पोचवायला एक, याला मी काहीही करू शकत नाही, आमच्या घरी ते असंच आहे. आता महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा म्हणतो, वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा. तीही तिमाहीच्या हिशेबानं खात्यात जमा होणार आणि वर्षअखेरीला उरली तर बुडणार. मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा सर्दी होतेच, आणि एकेक आठवडाभर टिकते. गुणाकार तुम्हीच करा. कायदा लिहिणाऱ्यांची नाकं कायम मोकळी असावीत.

तर बसलो टू-बी जुळवत. म्हणजे सप्लायरनं पोर्टलवर दाखवलेली बिलं आणि आपल्याकडची बिलं ताडून बघायची. त्यानं त्याचं रिटर्न वेळेत भरलं नसेल तर आपलं क्रेडिट, म्हणजे त्याच्या बिलात दिलेल्या कराची वजावट, लटकतं. सिन्नरचा एक खोकेवाला दर महिन्याला लटकवतोच. त्याला फोन लावला. सर्दीत माझ्या 'म'चा 'ब' होतो, 'न'चा 'द' आणि 'ण'चा 'ड'.

"दबस्कार, बी पुड्याहूद बोलतोय."

"पुड्या? पुड्या नाही करत साहेब आपण. फक्त खोके."

"पुडं! पुडं शहर!"

"पुढं शहरच आहे साहेब, पण माल कुठं टाकायचा तेवढं सांगा."

या माणसाला मी 'इद्वॉइस' शब्द पुन्हा पुन्हा ऐकवला. शेवटी त्यानं फोन बायकोकडे दिला. ती म्हणाली, "भाऊ, आधी वाफ घ्या." क्रेडिट अजून लटकलेलंच आहे.

हे सगळं डिस्पॅचचे काका ऐकत उभे होते.

काका निवृत्तीनंतर परत कॉन्ट्रॅक्टवर आलेत, कारण कुरिअरवाल्यांशी भांडायला त्यांच्या तोडीचं दुसरं कोणी मिळेना. त्यांच्या खालच्या ड्रॉवरमध्ये सेलोटेपच्या मागे सितोपलादि चूर्ण असतं, ज्येष्ठमधाच्या काड्या, वेखंड, ओव्याची पुरचुंडी आणि निलगिरी तेलाची बाटली. बाटलीचं झाकण नीट लागत नाही. आमची बिलं ज्या गावाला जातील तिथे निलगिरीचा वास घेऊन जातात. काका माझ्या टेबलाशी आले, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या नाकात बघून विचारलं,

"कुठली?"

"काय कुठली?"

"नाकपुडी. डावी की उजवी?"

"दोद्ही."

"दोन्ही एकदम बंद होत नसतात. नीट बघ."

आता नीट बघायचं म्हणजे एक नाकपुडी अंगठ्यानं दाबायची आणि दुसरीनं जोर लावायचा. हे मी सगळ्या फ्लोअरसमोर केलं. जो आवाज आला तो इथे लिहिण्यासारखा नाही. पलीकडच्या मार्केटिंगवाल्यानं हेडफोन चढवले.

"डावी जास्त बंद," मी म्हणालो.

"वाटलंच. चंद्रनाडी. इडा. थंड असते ती. रात्री दही खाल्लंस."

"दाही खाल्लं."

"बघ! खाल्लंस ना!"

"अहो काका, दाही! दाही खाल्लं!"

"कळलं रे, दोनदा कशाला सांगतोस? माणसानं एकदा चूक केली की गप्प बसावं."

मी मान जोरजोरात हलवली. मान हलवल्यावर नाक गळायला लागलं. काकांनी ते पुराव्यादाखल बोटानं दाखवलं. बघणारे वाढले होते. एचआरच्या मुलीनं लांबूनच "दही खाऊन ऑफिसला येतात?" असं म्हटलेलं मी स्वतः ऐकलं. दही मी खाल्लं नव्हतं. मला दही आवडतसुद्धा नाही.

काका तिथे थांबते तर ते काका कसले. "शिवाय पावसात भिजलास. परतीचा पाऊस फार वाईट." यावर मात्र माझ्याकडे मुद्दा होता. इंग्लंडात सॉल्झबरीजवळ १९४६ साली सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र निघालं होतं. तिथे धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीवाल्यांचे थेंब सोडत आणि वाट बघत बसत. काहींना आंघोळ घालून ओल्या अंगानं वाऱ्याच्या बोळात उभं केलं, तरी त्यांना इतरांपेक्षा जास्त सर्दी काही झाली नाही. हे सगळं नाक चोंदलेलं असताना मी काकांना समजावून सांगितलं. त्यातलं त्यांना किती कळलं ते माहीत नाही. खरं सांगायचं तर मला त्या संशोधनापेक्षा दुसरीच गोष्ट लागून राहिलीये. तिथे येणाऱ्या लोकांना राहायला-जेवायला फुकट होतं, वर हातखर्चाला पैसे मिळायचे, आणि सुट्टी म्हणून लोक पुन्हा पुन्हा यायचे. सर्दी व्हावी म्हणून सुट्टी! इथे झालेल्या सर्दीला मिळत नाही.

"ते इंग्रज," काका म्हणाले आणि ड्रॉवरमधून तांब्याचं जलनेतीचं भांडं काढलं. लांब चोचीचं, चिंच लावून घासलेलं. "चल बेसिनपाशी. कोमट पाणी, चिमूटभर मीठ. डावीकडून ओतायचं, उजवीकडून बाहेर. दोन मिनिटांचं काम."

"डावी बंद आहे दा काका. पाडी जाडार कुठूद?"

काका विचारात पडले. मला वाटलं सुटलो. ते म्हणाले, "मग उजवीकडून ओतू."

ते भांडं काका स्वतः रोज वापरतात. मी दको म्हटलं. या शब्दाचा तरी त्यांनी दुसरा अर्थ काढला नाही, पण चेहरा असा केला की मी त्यांच्या घरचं जेवण नाकारलंय. वाईट याचं वाटतं की माणूस अर्धा बरोबर असतो. नाकपुड्या खरंच आलटून-पालटून चोंदतात, दर काही तासांनी पाळी बदलते. हे १८९५ साली कायझर नावाच्या एका जर्मन डॉक्टरनं नोंदवून ठेवलंय. दह्याबद्दल तो काही म्हणाल्याचं माझ्या वाचनात नाही.

काका तरी जवळ आले म्हणायचे. मार्केटिंगवाला कोपऱ्यात उभा राहून लिंबाच्या वासाचा स्प्रे मारत होता. तो माझ्यापर्यंत जंतू मारायला नाही, मला शिंकवायला पोचत होता. मी शिंकलो की तो पुन्हा मारायचा. डोक्यावर एसी १८ वर. नवे एसी मुळात २४ वर लावूनच येतात, तसा केंद्राचा नियम आहे, २०२० पासूनचा. आमच्याकडे येऊन ते बिघडतात.

चार वाजता एचआरचं मेल आलं. वर वाफाळत्या मगाचा फोटो, मग 'तुमचं आरोग्य, आमचं प्राधान्य', मग कोमट पाणी पिण्याचा सल्ला. त्याच मेलच्या तळाशी, या तिमाहीत एकही सुट्टी न घेणाऱ्यांना शॉपिंग व्हाउचर मिळणार असल्याची आठवण. एकाच मेलमध्ये. लिहिणारीला ते खटकलं नसेल तर मी काय बोलू? आणि बोललो तरी त्यातले 'म' आणि 'न' गळणार.

पँट्रीतला मुलगा तर श्रावणापासून खोकतोय. तो ठेकेदाराचा माणूस. आला नाही की त्या दिवसाचे पैसे नाहीत, त्यामुळे तो येतो. त्याला कोणी "आलास कशाला" विचारलेलं मी ऐकलं नाही. कालही त्याला कोणी काचेबाहेर थांबवलं नाही, कारण चहा आत न्यायचा होता. ट्रेवर मान वळवून खोकला आणि कप ठेवले. सगळ्यांनी घेतले. सॅनिटायझर माझ्या टेबलावर होतं.

संध्याकाळी निघताना मॅडम म्हणाल्या, "आराम कर हं नीट. आणि टू-बीचं जरा रात्री बघशील का?" बघितलं. वाफ घेत बघितलं. चष्म्यावर वाफ, स्क्रीनवर सिन्नर.

साडेदहाला फोन वाजला. मला वाटलं मॅडम. काका होते.

"उजवी मोकळी झाली का?"

"झाली थोडी."

"आणि डावी?"

"तशीच आहे."

"हं. जेवणात दही होतं?"

"दाही हो काका!"

पलीकडे काकांनी फोनवर हात न ठेवताच काकूंना सांगितलं, "आज परत खाल्लंन."