पाच माणसं होईपर्यंत खेळ नाही

पुण्यात मंडईत खरेदीला जायचं तर गाडी आर्यनला लावायची. तिथे जागा नसली तर मिनर्व्हाला. ही दोन्ही एकेकाळची थिएटरं. आर्यन तर १९१५ साली बापूसाहेब पाठकांनी सुरू केलेलं, १९८३ मध्ये बंद पडलं. आता दोन्हीकडे महापालिकेचे वाहनतळ आहेत आणि दिवाळीच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. हाऊसफुल्ल ते हाऊसफुल्ल, मग आत माणसं असोत की ॲक्टिव्हा.

थिएटर गेलं तरी नाव सोडायचं नाही, हा आमचा बाणा. अलका टॉकीजमुळे ज्याला अलका चौक म्हणतात, त्याचं कागदोपत्री नाव टिळक चौक. रिक्षावाल्याला ‘टिळक चौक’ सांगितलं की तो वळून बघतो आणि विचारतो, “अलकाच ना?” प्रभात थिएटर १९३४ पासून चाललं, २०१४ अखेर मूळ मालकांकडे गेलं आणि त्याचं ‘किबे लक्ष्मी’ झालं. पण त्या पाटीखाली उभं राहून लोक फोनवर सांगतात, “मी प्रभातपाशी आहे.”

आमच्या गल्लीच्या तोंडाशीही असंच एक थिएटर आहे. नाव सांगत नाही. मला अजून त्याच गल्लीत राहायचंय.

लहानपणी या थिएटरात माझी नोकरीच होती म्हणा ना. तिकिटाला दोन रांगा असत. पुरुषांची रांग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत आणि बायकांची जेमतेम पानाच्या ठेल्यापर्यंत. त्यामुळे नवा सिनेमा लागला की वाड्यातल्या तमाम दादालोकांना माझ्याबद्दल एकाएकी माया वाटू लागे. एरवी ‘ए शेंबडे’ म्हणणारे ‘ताई’ म्हणू लागत. मुठीत घामट नोटा कोंबून मला लेडीज लाईनमध्ये ढकललं जाई. खिडकी म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक. त्यात हात कोपरापर्यंत घालायचा, आत कोण आहे ते दिसत नसे. “चार अप्पर!” असं ओरडायचं. “अप्पर संपलं, स्टॉल घे,” असा भिंतीतून आवाज येई. मागून एखादी काकू माझी वेणी धरून ठेवी, मी नंबर सोडून पुढे घुसू नये म्हणून. मेहनताना म्हणून मला सिनेमा दाखवण्याचं वचन मिळे, आणि चार तिकिटांवर पाच दादा निघाल्यामुळे ते दर वेळी मोडलं जाई. सिनेमाच्या आयुष्यात वितरक नावाच्या माणसाचं काय होतं, हे मला फार लवकर कळलं.

खिडकी बंद झाली की खरा धंदा सुरू. ब्लॅकवाला आमच्याच गल्लीतला, गणपतीची वर्गणी मागायला येणारा. पण थिएटरसमोर तो ओळख दाखवत नसे. आपल्याकडे न बघता, ओठ न हलवता, “बाल्कनी दस, बाल्कनी दस” असं पुटपुटत जाई. माझ्या वडिलांनी एकदा त्याला “अरे, आपल्यात तरी कमी कर” म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, “काका, धंद्यात नाती आणू नका.” वर्गणीच्या वेळी मात्र आणायचा.

आत शिरल्यावर खुर्ची, ढेकूण आणि पंखा यांच्याशी स्वतंत्र वाटाघाटी कराव्या लागत. त्यातून पडद्याकडे बघायला सवड मिळालीच, तर पडदा मंद झालेला असे. पूर्वीच्या यंत्रात उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा असे. कांड्या जळत जात, त्या सतत पुढे सरकवाव्या लागत. ऑपरेटर बिडी प्यायला गच्चीत गेला की कांड्यांमधलं अंतर वाढे आणि पडद्यावर भर दुपारच्या प्रसंगात तिन्हीसांजा होत. मग पिटातून शिट्ट्या. ऑपरेटर धावत येई, सूर्य पुन्हा उगवे.

याहून मोठी गंमत रिळांची. फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते, म्हणजे दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपणार. एक प्रिंट दोन थिएटरांत चालवायची काटकसर असे. इथलं रीळ संपलं की पोऱ्या ते सायकलला बांधून तिकडे नेई, येताना तिकडचं आणी. कथेचा वेग त्याच्या पायांवर. एकदा ऐन रहस्याच्या जागी पडदा पांढरा झाला. ‘कृपया थोडा वेळ थांबा’ अशी काच लागली. पोऱ्या लक्ष्मी रोडला मिरवणुकीत अडकला होता. कंटाळून शेजारचे गृहस्थ घरी जाऊन आमटीभात जेवून आले, ढेकर देत खुर्चीत बसले आणि त्याच क्षणी रीळ आलं. खुनी कोण होता ते आठवत नाही. त्यांच्याकडे चिंचगुळाची आमटी होती, हे आठवतं.

हे सगळं हळूहळू विरलं. १९८२ ला एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ, मग केबल. मधेच १९९१ ला ‘माहेरची साडी’ आला आणि बायका पदर खोचून, हातरुमाल घेऊन थिएटरात परतल्या, पण रोज कोण रडणार? नव्या शतकात मॉल आणि मल्टिप्लेक्स आली. त्यांना सुरुवातीला करमणूक करात घसघशीत सवलत, जुन्या थिएटरांनी कर भरत राहायचं. थिएटर पाडावं, तर त्या जागी पुन्हा थिएटर बांधायची अट. म्हणजे मालकाला ते चालवताही येईना आणि काढताही येईना, आमच्या वाड्यातल्या भाडेकरूंसारखं.

तर परवाच्या मंगळवारी मला वाटलं, आपण इतके उसासे टाकतो, तर जाऊन एक तिकीट काढावं. तीनचा खेळ. रांग नाही, भिंतीतलं भोक जाऊन काच आलेली, आत माणूस दिसतो. पण तो तिकीट देईना.

“काकू, पाच माणसं झाल्याशिवाय लावत नाही. वीज परवडत नाही.”

“आत्ता किती आहेत?”

“तुम्ही.”

एके काळी याच खिडकीवर माणसं फार म्हणून माझा सिनेमा हुकला होता. मी चिडले. नणंदेला फोन लावला.

“एसी आहे का?”

“पंखे आहेत.”

“आणि बाथरूम?”

“आहे. पण तू घरून जाऊन ये.”

ती कुरकुरत आली. दोन झाले. मग कॉलेजचं एक जोडपं भिंतीला टेकून उभं होतं, त्यांना गळ घातली. रिकामं थिएटर म्हटल्यावर दोघांचे डोळे लकाकले, लगेच तयार! पाचव्यासाठी मी अक्षरशः फुटपाथवर फिरले. येणाऱ्याजाणाऱ्याकडे न बघता, दबक्या आवाजात, “सिनेमा बघणार का, सिनेमा?” तो ब्लॅकवाला, आता केस पांढरे झालेला, समोरच्या कट्ट्यावर बसून हे बघत होता. “ताई, आवाज अजून खाली हवा,” म्हणाला. स्वतः यायला मात्र तयार नाही. त्याला म्हणे ओटीटीवर सगळं दिसतं.

शेवटी झोपलेल्या एका रिक्षावाल्याला उठवलं. तिकीट मी काढते म्हटलं. त्याने विचार केला.

“वेटिंग पडेल.”

“सिनेमा बघायचं वेटिंग?”

“गाडी उभीच राहणार ना?”

खेळ लागला. जोडपं मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलं, तर नणंद बरोबर त्यांच्या पुढच्या रांगेत, कारण पंखा फक्त तिथेच फिरत होता. दर पाच मिनिटांनी ती मागे वळून त्यांना विचारी, “हा कोण आता? मघाचाच का?” इंटरव्हलनंतर ते दिसले नाहीत. डोअरकीपर टॉर्च मारून मोजायला आला, तेव्हा मी पर्स आणि पिशवी वेगवेगळ्या खुर्च्यांवर ठेवून दिली. त्याने पाहिलं आणि काही न बोलता गेला. भला माणूस.

सिनेमा सुमार होता. बाहेर येऊन हिशेब केला तर मला तो पॉपकॉर्नसकट मल्टिप्लेक्सपेक्षा महाग पडला होता. रिक्षावाल्याने मीटरकडे पाहून आकडा सांगितला. मी तोंड उघडणार तोच तो म्हणाला, “इंटरव्हलचं वेटिंग धरलं नाही हं, काकू. तेव्हा मी बाहेरच होतो.”