रविवारी गाडी पूर्वेला वळवा

मी हडपसरला राहतो. पुण्याच्या पूर्वेचं टोक. आणि तरी दहा-बारा वर्षं, पावसाळ्यातला रविवार मोकळा मिळाला की मी काय करायचो? सकाळी गाडी काढायची, स्वारगेटपाशी सिग्नलला शिव्या घालायच्या, अख्खं शहर आडवं कापायचं आणि पश्चिमेला जायचं. सिंहगड, लोणावळा, ताम्हिणी, पानशेत. घरापासून वीस मिनिटांवर दिवे घाट आहे हे माहीत होतं. पण तो घाट म्हणजे जेजुरीला देवाला जायचा रस्ता, नाहीतर पालखीचा. फिरायला म्हणून कोणी तिकडे जातं होय?

डोळे उघडले दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत. आई, बायको, चिरंजीव आणि मी. लोणावळ्याच्या अलीकडे गाडी जी थांबली ती थांबलीच. तीन तासांत चार किलोमीटर. गाड्यांच्या रांगेतून एक पोरगा कांदाभजी विकत फिरत होता, ती घेतली, तर गारढोण. आईला बाथरूमला जायचं होतं, तिची सोय नाही. काचेवर वाफ धरलेली, पुढे लाल दिवे. शेवटी आईच म्हणाली, "अरे, आपण धुकं बघायला आलोय की लोकांच्या नंबरप्लेटा?" मी पहिल्या फटीतून गाडी वळवली. घरी पोचायला साडेचार वाजले. त्या दिवशी आम्ही एकही धबधबा पाहिला नाही, आणि खरं सांगतो, कोणाला वाईटही वाटलं नाही.

वैताग एकवेळ सोडा. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेही आमच्या हडपसर भागातले. रविवार होता. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला, चार जण गेले. तोही रविवारच. लगेच चर्चा सुरू होते की प्रशासन काय करत होतं. विचारायलाच हवं. पण चाळीस-पन्नास लाखांच्या शहराने एकाच दिवशी, एकाच दिशेला, त्याच दहा-बारा जागांवर जायचं ठरवलं तर बंदोबस्ताला पोलीस तरी किती लावणार?

आता माझं म्हणणं. पुणेकराच्या डोक्यात 'निसर्ग' म्हणजे हिरवा डोंगर, पांढरं पाणी आणि कांदाभजी, एवढंच चित्र बसलंय. त्यात बसत नाही तो निसर्ग नाहीच. त्यामुळे शहराच्या निम्म्या बाजूला, दीड तासाच्या आत जे पडलंय, ते आपल्याला दिसतच नाही. आपण ते सोलापूरला जाताना काचेतून बघतो आणि म्हणतो, "काय नुसता माळ आहे."

होय, माळच आहे. तोच बघायचाय.

शाळेत 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हा शब्द सगळ्यांनी पाठ केलाय. तो डोळ्यांनी बघायचा असेल तर जुलैत दिवे घाटाजवळच्या मल्हारगडावर जा. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बारामती-सुप्याकडे पाचशेच्या आसपास. मधलं अंतर गाडीने जेमतेम तीन-साडेतीन तासांचं. मल्हारगडाच्या तटावर उभे राहिलात की पश्चिमेला सिंहगडाच्या बाजूला आकाश शाईसारखं काळं, तिकडे कोसळतोय हे स्पष्ट दिसतं. आणि तुमच्या अंगावर फक्त वारा. असला वारा, की चिरंजिवांची टोपी उडाली ती पार पायथ्याच्या सोनोरी गावाच्या दिशेने गेली. ढग डोक्यावरून घाईघाईने पुढे सरकतात, मध्येच चार थेंब टाकतात, जसा एखादा नातेवाईक लग्नात अक्षता टाकून जेवायला न थांबता निघून जावा. दक्षिणेला पुरंदर आणि वज्रगड, खाली कऱ्हेचं खोरं. गडावर आम्ही चौघं, एक कुत्रं आणि दोन कॉलेजची पोरं. रविवार, सकाळी साडेआठ वाजता.

हा गड मराठ्यांनी बांधलेला शेवटचा किल्ला मानतात, १७५७ ते १७६० या काळातला. बांधला सरदार पानसे यांनी. ते पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख, त्यांची गढी खाली सोनोरी गावात आहे. दिवे घाटावर नजर ठेवायला हा गड. आकाराने लहानसा, त्रिकोणी, आत चौकोनी बालेकिल्ला, त्यात खंडोबा आणि महादेव अशी शेजारी शेजारी दोन छोटी देवळं. सोनोरीच्या बाजूने गाडी बऱ्यापैकी वरपर्यंत जाते, पुढे अर्ध्या तासाची चढण. आईने सत्तरीत हा गड केला, दोनदा बसून. सिंहगडावर गाडीतळापासून पुणे दरवाज्यापर्यंत गर्दीत धक्के खात जाण्यापेक्षा हे सोपं गेलं, असं तिचं मत.

तिथून परत न फिरता माळशिरसकडून भुलेश्वर करा. (हे पुरंदर तालुक्यातलं माळशिरस. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरसला जाऊन मला फोन करू नका.) भुलेश्वरचं देऊळ बाहेरून बघाल तर देऊळ वाटतच नाही. घुमट, मिनारासारखी टोकं. आत गेलात की समोर गाभारा नाही, भिंत. बाजूच्या अंधाऱ्या, अरुंद पायऱ्यांनी वर वळायचं आणि मग एकदम यादवकालीन दगडाची दुनिया उघडते. डोंगर म्हणजे दौलतमंगळ किल्ला. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने १६३० च्या सुमारास पुणं जाळलं, जमिनीवर गाढवाचा नांगर फिरवला, आणि कारभारासाठी इकडे हा किल्ला उभा केला. म्हणजे आपलं पुणं ओस पडलं होतं तेव्हा सत्तेची जागा ही होती. आज तिथे बुरुजाचे अवशेष आहेत आणि माकडं.

आत अंधार असतो, डोळे सरावायला पाच मिनिटं लागतात. आम्ही मूर्ती शोधत चाचपडत होतो, तर दहा-बारा वर्षांचा एक गावचा पोरगा आला, त्याने वडिलांचा मोबाईल काढला आणि बॅटरीचा झोत थेट वर मारला. "ती बघा, गणपतीण." खरोखर. सोंड गणपतीची, देह बाईचा, मांडी घालून बसलेली. वैनायकी. चिरंजिवांनी विचारलं, "मग हिचा उंदीर कुठाय?" पोराने झोत जरा खाली आणला आणि शांतपणे म्हणाला, "हाये की." तो रोज बघतो, त्याला कसलं अप्रूप. पण बऱ्याच मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत, झोत त्यांच्यावरून जाताना तो काही बोलला नाही.

उतरलं की यवत, सोलापूर रस्ता, आणि जेवायच्या वेळेला घरी. हडपसरहून निघून हडपसरला परत, सव्वाशे किलोमीटरच्या आत. त्या दिवशी आमचा सगळा खर्च पेट्रोल, चहा आणि सासवडच्या रस्त्यावर घेतलेली अंजिरं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण टोपलीवाल्या मावशींना ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग काय भाव वाढवू का?" सप्टेंबरनंतर गेलात तर त्याच रस्त्याला सीताफळं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. सुपे. बारामती तालुक्यात, चौफुल्यावरून आत वळायचं. तिथे मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली जाहीर झालेलं, क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस किलोमीटर. काही हाउसिंग प्रकल्पांच्या जाहिरातीत याहून मोठे आकडे असतात. नाव मोरगावच्या मयूरेश्वरावरून, पण राहतो चिंकारा. सकाळी लवकर गेलात तर दिसतोच म्हणा. आम्हाला पहिला दिसला तो रस्त्यापासून तीस पावलांवर. शेळीएवढा जीव, अंग वाळक्या गवताच्या रंगाचं, तोंडावर पांढरे पट्टे. उभा स्तब्ध, फक्त आखूड काळी शेपटी सतत टकटक हलतेय, घड्याळाच्या काट्यासारखी. ती शेपटी नसती तर आम्ही त्याला दगड समजून पुढे गेलो असतो. गाडी बंद केली, काच खाली केली. चंडोल वर आकाशात टांगल्यासारखा गात होता. माळटिटव्या ओरडल्या. दहा मिनिटं चौघांपैकी कोणी मोबाईल काढला नाही, माझ्या घरात हे फार क्वचित घडतं.

या गवताला सरकारी दप्तरात काय म्हणतात माहितीये? 'पडीक जमीन'. झाड नाही ना, मग पडीक! चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, शिवाय धाविक आणि पखुर्डी हे जमिनीवर राहणारे पक्षी, हे सगळे या 'पडीक' जमिनीचे रहिवासी. यातल्या बहुतेकांना दाट जंगल मानवत नाही, यांना उघडंच लागतं. आणि आपण सगळे सद्भावनेने ट्रकभर रोपं घेऊन तिकडे जातो. वर्षानुवर्षं या माळांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, हे बाहेरून आलेलं झाड) लावलं गेलं. भराभर वाढतं, हिरवं दिसतं, फोटो चांगला येतो. पण तिथे गवत मरतं आणि गवतावर जगणारा निघून जातो. मी स्वतः एका वृक्षारोपणाच्या रविवारी अशाच माळावर खड्डे खणलेत, टी-शर्टसकट फोटोही ऑनलाइन टाकला होता. शोधू नका, काढून टाकलाय.

एक फजिती सांगतोच. दुसऱ्या फेरीत मला वाटलं, आता मी जाणकार झालो. मोबाईलने शेतातून जवळचा रस्ता दाखवला, मी घातली गाडी. आदल्या रात्री पाऊस झालेला. काळी माती! शंभर मीटरवर चाकं गरगरायला लागली, दार उघडून पाय टाकला तर चप्पल आत आणि पाय बाहेर. समोरून मेंढरं घेऊन एक म्हातारे धनगर बाबा आले. थांबले, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पाव्हणं, हिकडं बैलगाडी बी घालत न्हाई आम्ही पावसाचं." मग त्यांनीच पुतण्याला फोन करून ट्रॅक्टर बोलावला. तो येईपर्यंत बांधावर बसलो. मी विचारलं, लांडगा येतो का? म्हणाले, येतो की, वर्षाला चार-दोन मेंढरं नेतोच. राग नाही येत? "येतो. पर त्याचं बी प्वाट हाय." मग जरा थांबून म्हणाले, लांडग्यापेक्षा तुमच्या गाड्यांचा ताप जास्त, रात्री दिवे मारत हरणांमागं पळवतात. मी चिखलात रुतलेल्या माझ्या गाडीकडे बघितलं आणि गप्प बसलो.

तेव्हा गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा. जनावरामागे घालू नका. अभयारण्यात तिकीट काढून, सांगतील त्या वाटेनेच जा. वनखात्याने आता इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ माळाची सफारीही सुरू केलीये, तिकडे नोंदणी करून जाता येतं.

भिगवण बहुतेकांना माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. उजनीचं पाणी, हिवाळ्यात पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस), नंतर रोहित (फ्लेमिंगो), कुंभारगाव किंवा डिकसळहून होडी. पक्षी नाही दिसले तरी चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी चुकवू नका. निघोजचे रांजणखळगे बघायला शिरूरवरून जा. कुकडीने दगडगोटे गरगर फिरवत बेसाल्टमध्ये माणूस मावेल एवढे रांजण कोरलेत. पाणी सोडलेलं असताना काठावर सेल्फी नको, खळगे खोल आहेत आणि कडा गुळगुळीत.

लोक विचारतात, तिकडे बघायला काय, सावली तरी आहे का? नाही, सावली नाही. एप्रिल-मे मध्ये जाऊ नका, भाजून निघाल. जुलै ते फेब्रुवारी जा, नऊच्या आत पोचा, अकराला निघा. डबा घरून न्या, कारण मोक्याच्या ठिकाणी हॉटेल असेलच असं नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह हा प्रश्न इकडेही आहे, तो लपवत नाही. सासवडला किंवा महामार्गावर थांबून मगच आत वळा. धबधबा नाही. 'पॉइंट' नाहीत, मक्याचं कणीस नाही, घोडा नाही. बायकोची एक तक्रार कायम आहे की फोटोत सगळं सारखंच दिसतं. तिचं खरं आहे. माळ फोटोत मावत नाही.

येत्या रविवारी लोणी भापकरला जायचंय. तिथली पुष्करणी आणि यज्ञवराहाची, म्हणजे विष्णूच्या वराह अवताराची मूर्ती बघायची आहे, वाटेत मोरगाव. गाडीत एक जागा रिकामी आहे. सकाळी सहा वाजता हडपसर गाडीतळ. सहा म्हणजे सहा, सव्वासहाला आलात तर तुमच्या वाटणीचा गूळ-शेंगदाण्याचा लाडू आईने चिरंजिवांना दिलेला असेल.